शववाहिनीवरचे सदतीस पंजे

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, दि. ३ मे १९९८

आदरणीय गंगाराम भावोजी यांना सिताराम तांबेचा मनापासून जयभीम.

जयमालाताईलाही जयभीम सांगा आणि तिच्या गुडघ्यांचं कसं काय ते सविस्तर कळवा. मागच्या पत्रात तिने 'बरे आहेत' एवढंच लिहिलं होतं. गुडघे दोन आणि उत्तर एक, म्हणजे एखादा नक्की दुखत असणार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं चिरंजीव निशांतच्या फोनवरून कळलं. (फोन शेजारी आला होता. मी जाऊन पोचेपर्यंत लाइन कटली, त्यामुळे कोणता डोळा ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय, कुठल्याही डोळ्याला चालेल.) इकडे आम्ही ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी विचार करून वापरला आहे. पत्राला दोन महिने उशीर झाला, कारण गेले दोन महिने मी एका शववाहिनीच्या अंगावरचा रंग काढत होतो. हे वाचून ताईने घाबरू नये. शववाहिनी रिकामी होती.

मी तुर्भ्याच्या लोखंडी कपाटांच्या कारखान्यात तेवीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी तिथे नेमकं काय करत होतो हे आपल्या नात्यात कुणालाच ठाऊक नाही. माझ्या लग्नात ताई सगळ्यांना 'आमचा सिताराम कपाटं रंगवतो' असं सांगत होती, तेव्हाही मी गप्प बसलो, कारण नवऱ्या मुलाने मांडवात खुलासे करू नयेत. आज करतो. मी एकही कपाट रंगवलेलं नाही. माझं खातं प्रायमरच्या अलीकडचं. पत्र्यावरचं तेल काढायचं, गंज काढायचा, धुवायचं, सुकवायचं आणि पत्रा इतका उघडा करायचा की पुढच्या माणसाच्या प्रायमरला धरायला नुसतं लोखंड मिळावं. लोक कपाटाचा रंग बघतात, आरसा बघतात. वीस वर्षांत दाराला गंज आला नाही हे कुणी बघत नाही, कारण जे आलंच नाही ते दिसणार कसं. असो. (हे 'असो' मी घरी यशोदेला इतक्यांदा ऐकवलंय की आता मी सुरुवात केली की तीच आधी 'असो' म्हणते.)

आता शववाहिनी कशासाठी, ते सांगतो. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतले एक पोस्टमास्तर वारले. आमच्या भागात शववाहिनी नव्हती, वाशीची मागवली तर ती दुसरीकडे गेलेली. शेवटी तुर्भे मार्केटचा एक टेम्पो मिळाला. त्यात निम्मा कांदा होता आणि तो उतरवायला ड्रायव्हर तयार नव्हता. मग मास्तरांना मध्ये ठेवून आम्ही पोत्यांवर बसलो. ऊन होतं, कांदा तापला, आणि मास्तरांना आयुष्यात कधी न भेटलेली माणसंसुद्धा धाय मोकलून रडली. लोक नंतर म्हणाले, अंत्ययात्रा फार हृदयद्रावक झाली. पण मास्तर माळकरी होते, कांद्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्यांच्या पत्नी अरुणाबाई तेराव्याला एवढंच म्हणाल्या, "निदान शेवटी तरी त्यांचं पाळायला हवं होतं." ते वाक्य आम्हाला सगळ्यांना लागलं. आमच्या नागरिक मंडळाने त्याच आठवड्यात ठराव केला की सेक्टरची स्वतःची शववाहिनी पाहिजे. हिंदू असो, बौद्ध असो, गावठाणातला असो, गाडी एकच.

मंडळाचे अध्यक्ष जयप्रकाश. एका कंपनीत डिस्पॅचला आहेत. माणूस सज्जन, पण सगळं आजच्या आज निघालं पाहिजे हा त्यांचा स्वभाव. बंद पडलेल्या एका ट्रस्टची जुनी मॅटॅडोर त्यांनी फुकट मिळवली. इंजिन चांगलं, अंगाला मात्र जागोजाग गंजाचे फोड. जयप्रकाश म्हणाले, वरून एक काळा हात मारू आणि एक मेला उद्घाटन करू. मी सभेत उभा राहिलो (भावोजी, मी सभेत उभा राहण्याची ही पहिलीच वेळ; माझ्या मागच्या माणसाला वाटलं मी घरी निघालो) आणि म्हणालो की गंजावर रंग मारणं म्हणजे जखम न धुता वर नवा सदरा घालणं. रंग पुरा काढावा लागेल. पत्रा उघडा करावा लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम माझ्याकडे आलं. प्रायमरचे डबे आणून जयप्रकाशांनी आपल्या घरात कुलपात ठेवले, कारण मंडळाची वस्तू अध्यक्षाच्या ताब्यात हवी. हे कुलूप लक्षात घ्या, सगळं पुढे त्याच्यावरच अडलं.

सेक्टर आणि जुनं गावठाण यांच्यामधल्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावली आणि मी पेंट रिमूव्हर, खरवडायची पत्री आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. काळ्या रंगाखाली पांढरा आणि त्यावर लाल क्रॉस निघाला, म्हणजे गाडी आधी रुग्णवाहिका होती. (पाहणाऱ्यांनी यावर बराच विचार केला. रुग्णवाहिकेची शववाहिनी झाली म्हणजे गाडीने आशा सोडली, असं एकाचं मत पडलं.) पांढऱ्याखाली पिवळा निघाला आणि 'सावकाश, आत मुले आहेत' अशी अक्षरं. दोन दिवस गाडी त्या अवस्थेत होती, तर एक बाई नर्सरीच्या ॲडमिशनची चौकशी करून गेल्या. पिवळ्याखाली गुलाबी, आणि त्यावर पाव आणि खारी यांची चित्रं. तिथे मंडळाचे दोन सभासद म्हणाले की तांबे, आता थांबा, हे बरं दिसतंय. मी थांबलो नाही. आपला शेवटचा प्रवास खारीच्या चित्रात व्हावा असं कुणाला वाटत असेल तर त्याने लेखी द्यावं, म्हणालो. कुणी दिलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पत्रा उघडा झाला. भावोजी, तुमच्या गावाकडे उघडा पत्रा चार दिवस टिकेल. इथे खाडी अर्ध्या मैलावर. हवेतच मीठ. सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळी तांबूस पडतो. म्हणून नियम असा की शेवटचा पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसलं, की त्याच दिवशी प्रायमर. आणि मधल्या वेळात कुणी, अगदी कुणीही, हात लावायचा नाही. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि हाताला तेल असेल तर प्रायमर धरतच नाही. मी पाटी लावली: 'पत्र्यास हात लावू नये.' त्याआधी लोक नुसते बघून जात होते. पाटी लावल्यापासून प्रत्येक जण जवळ येऊन, हात लावून, 'का बरं?' असं विचारू लागला. पत्रा घासून झाला की संध्याकाळपर्यंत बोटं, बोटं पुसली की सकाळपर्यंत गंज, असं आठवडाभर चाललं.

मग शुक्रवारी सकाळी मागच्या दारावर पंजा दिसला. पाचही बोटं, तळवा, रेषासुद्धा, सगळा गंजाच्या लाल रंगात. रात्री पत्रा साफ होता. प्लॉटवर दीडशे माणूस जमला. शववाहिनी आणि आतून बाहेर यायला बघणारा हात, एवढ्यावर लोकांना पुढचं सांगायची गरज नव्हती. एकीने तिथे उदबत्ती लावली, तिचा धूर पत्र्याला लागू नये म्हणून मी ती हलवली, तर माझ्याकडे लोक असे बघायला लागले की जणू मी आतल्याच्या बाजूचा आहे.

मी मात्र तो पंजा बघताच ओळखला. आमच्या इथे गावठाणातल्या बयाबाई रोज येतात. वय नव्वदच्या आसपास, पाटीत खडे मीठ आणि उरणजवळच्या मोरा बंदरातून आणलेली सुकट. माल विकून झाला की गाडीच्या सावलीत बसून माझ्या कामावर लक्ष ठेवायच्या, कारण गाडीतला पहिला नंबर आपला असं त्यांनी जाहीर केलं होतं. (गाडीची लांबी त्यांनी आडवं पडून तपासली होती. रंग पोपटी हवा अशी सूचना होती.) मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. त्या म्हणाल्या, "माजाच हात हाय. उठताना टेकला. त्याला काय झाला?" मिठात हात घालून बसणारी बाई, दुसऱ्या दिवशी गंज येणारच. पण लोकांचं समाधान झालं नाही. म्हातारी आपल्याला धीर द्यायला खोटं बोलतेय, असं ठरलं.

तेव्हा मला जरा चढलं. आपण बाबासाहेबांची माणसं, डोळ्यांसमोर भीती वाढताना बघत बसायचं नाही, असं मनात आलं. मी जाहीर केलं की रविवारी संध्याकाळी सहा वाजता वैज्ञानिक प्रयोग होईल. गाडीची डावी बाजू मी दिवसभर घासून, थिनरने पुसून आरशासारखी केली. मग एकेकाला रांगेने बोलावून पंजा टेकवायला लावला आणि प्रत्येकाखाली खडूने नाव लिहिलं. अडतीस जणांनी हात लावले. जयप्रकाश तर इस्त्रीचे कपडे घालून, पावडर लावून सहकुटुंब आले होते. मी पंधरा मिनिटं भाषण केलं. उद्या सकाळी सगळ्यांचे हात उमटतील, म्हणालो, मग कळेल की यात भूत नाही, मीठ आहे.

सकाळी सदतीस उमटले.

जयप्रकाशांचा उमटला नव्हता. त्यांच्या नावावर स्वच्छ, चकचकीत पत्रा. शेजारी त्यांच्या पत्नीचा, वैशालीवहिनींचा पंजा इतका ठसठशीत आला होता की त्या बिचाऱ्या पदराने झाकायला बघत होत्या. मी लगेच सांगितलं की काही लोकांचा हात कोरडा असतो, त्यात यांनी पावडर लावलेली. आमच्या खात्यातही असे दोघं होते. पण तोवर मागून कुणीतरी (कोण ते अजून सापडलेलं नाही) म्हणालं की गाडीने ज्यांना परत पाठवलं त्यांचे हात दिसतात, ज्याला ठेवून घेतलं त्याचा दिसत नाही. भावोजी, मी तेवीस वर्षांचा अनुभव सांगत होतो आणि त्याचं एक वाक्य होतं. त्याचं चाललं. बयाबाईंनी आपला पंजा सगळ्यांत मोठा आल्याचं पाहिलं, "म्हंजे मी काय इतक्यात जात नाय," म्हणाल्या आणि पहिला नंबर तिथल्या तिथे जयप्रकाशांना देऊन टाकला.

पुढचा आठवडा जयप्रकाशांचा फार वाईट गेला. लोक त्यांच्याशी एकाएकी चांगले वागू लागले. बसमध्ये उठून जागा देऊ लागले. सभेत त्यांचे वर्षभर अडलेले तीन ठराव एकमताने मंजूर झाले. त्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरलेला शेजारी हात जोडून माफी मागून गेला, त्याने तर ते पारच खचले. त्यांनी निरोप पाठवला की माझा हात उमटेपर्यंत प्रायमर मिळणार नाही. डबे कुलपात. रोज संध्याकाळी ते येत आणि डोळे मिटून पत्र्यावर पंजा टेकवत. मी म्हणायचो, साहेब, हात धुऊन येऊ नका, जरा दोन जिने चढउतार करून घामेजलेल्या हाताने या. ते म्हणायचे, "तांबे, अशा ठिकाणी हात न धुता कसं यायचं?" साबणाने धुऊन, पुसून, वर पावडर लावूनच यायचे. पंजा कुठून उमटणार. इकडे बाकी पत्र्यावर गंज पसरत होता. सदतीस पंज्यांच्या कडा एकमेकांत मिसळत होत्या. मी रोज घासायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायचो. पत्रा पापडासारखा होईल अशी भीती वाटायला लागली. त्यातच अरुणाबाई एकदा येऊन विचारून गेल्या, "होईल ना हो वेळेत?" कुणाच्या वेळेत ते त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्या गल्लीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले होते.

म्हणून मी एक गोष्ट केली. मागच्या रविवारी दुपारी मॅच होती. सगळा सेक्टर टीव्हीसमोर. मी पाण्यात बयाबाईंकडचं मूठभर मीठ विरघळवलं, उजवा हात त्यात बुडवला आणि जयप्रकाशांच्या नावावर नीट दाबून ठेवला. ज्याने विज्ञान सांगायचं त्यानेच हे करावं याची लाज वाटली, अजून वाटते. पण सोमवारी सकाळी पंजा आला, सुरेख आला. जयप्रकाश धावत आले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौऱ्याऐंशी साली पत्रा कापायच्या मशीनखाली माझ्या उजव्या करंगळीचं पेर गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आता पत्र्यालाही ठाऊक झालं आहे. साडेचार बोटांचा पंजा. जयप्रकाशांनी बराच वेळ निरखून पाहिलं. आपली करंगळी पाहिली. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "करंगळीवर निभावलं."

त्यांनी स्वतः डबे आणून दिले. मी त्याच दुपारी सगळे पंजे घासून काढले (तिघांनी आपापला ठेवायची विनंती केली, ती मी फेटाळली), थिनरने पुसलं, आणि सूर्य मावळायच्या आत रेड ऑक्साईड प्रायमरचा पहिला हात बसला. पोपटी की काळा यावर मंडळात वाद सुरू आहे, तो संपायला वर्ष जाईल. पण गुरुवारी ते आजोबा गेले, आणि आमची गाडी त्याच विटकरी अंगाने त्यांना घेऊन निघाली. आत धुतलेली चटई, दोन्ही बाजूंना बसायला बाकं, आणि कशाचाही वास नाही. अरुणाबाई रस्त्यापर्यंत चालत आल्या आणि गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या. जयप्रकाश पुढे बसले होते, करंगळीला बँडेज बांधून. हल्ली ते ती दाराखिडक्यांपासून सांभाळतात.

ताईला सांगा, तिचा भाऊ कपाटं रंगवत नव्हता, पण एक गाडी त्याने रंगवण्याजोगी केली. डोळ्याला जपा, ऊन टाळा. थोरामोठ्यांना जयभीम, लहानांची नावं आठवतील तशी घेऊन त्यांना माझे आशीर्वाद द्या.

आपला,
सिताराम

ता. क. निशांत विम्याचं काम करतो, तर त्याच्याकडून एक कोरा फॉर्म पाठवावा. वय बावन्न चालतं का आणि मेडिकल लागते का तेही विचारावं. विशेष काही नाही, माहिती असलेली बरी.

ता. क. २. तुमच्यापासून लपवत नाही. प्रयोगाला अडतीस जण नव्हते, एकोणचाळीस होते. सगळे गेल्यावर मीही मागच्या चाकाच्या वर, कुणाला दिसणार नाही असा, माझा हात टेकवला होता. सकाळी तो उमटला नव्हता. माझा हात कोरडा नाही, पावडर मी लावत नाही. याचं शास्त्रीय कारण असणारच, ते मी शोधतो आहे. भीती अशी वाटत नाही. फॉर्म जमल्यास रजिस्टर पोस्टाने पाठवावा.

ता. क. ३. भावोजी, जयभीम. मी यशोदा. पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलंय, चिकटवायच्या आधी मी नेहमी वाचते. त्या रविवारी मी कांदाभजी तळत होते. यांनी कढईपाशी उभ्या उभ्या सात खाल्ली, हात पँटला पुसला आणि गेले विज्ञान सांगायला. तेल लागलेल्या पत्र्याला लगेच गंज येत नाही, हे दोन महिने मलाच ऐकवतायत, म्हणून मला सकाळीच कळलं. पण मी बोलले नाही. त्या दिवसापासून तंबाखू सुटलीय. दुधी मागून खातात. रोज संध्याकाळी मला घेऊन खाडीपर्यंत फिरायला येतात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तर निशांतला म्हणावं, फॉर्म संपलेत, दिवाळीनंतर येतील. तोवर जरा चालू दे. मग एखाद्या रविवारी भजी तळायला घेईन आणि मीच सांगेन.